होडी वळवा म्हणायचं कुणी

लुंगेलोला पहिली उलटी झाली तेव्हा सकाळचे सात वाजत होते. त्याने ती मोठ्या शहाणपणाने केली. होडीच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन, आमिषाची बादली धुवायच्या निमित्ताने वाकून, आवाज न करता. मग बाहीने तोंड पुसून कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून त्याने वळून बघितलं, तर देश्नी बघत होती. तो हसला. देश्नीही हसली आणि मान फिरवून आपल्या रॉडच्या टोकाकडे बघत बसली. बारा वर्षांच्या पोराची लाज राखली, असं तिला वाटलं. आमच्या या किनाऱ्यावर लोकांना एकमेकांची लाज राखायची फार हौस आहे.

होडीवर चौघं होती. सुकाणूवर डिर्की हाटिंग, वय त्रेसष्ट, मान बैलासारखी, बोलणं मोजकं. आणि तीन पोरं: पंधरा वर्षांची देश्नी कंदसामी, तिच्याच वयाचा हेनो लीबनबर्ग आणि हा लुंगेलो गुमेडे. तिघं तीन वेगळ्या क्लबांची. प्रांताच्या ज्युनिअर स्पर्धेत चिठ्ठ्या टाकून अशीच मोट बांधतात, म्हणजे पोरं एकमेकांवर डोळा ठेवतात आणि लबाडी होत नाही. होडी यजमान क्लबची, चालवणाराही त्यांचाच. तीन दिवस मासेमारी, मग वजनं, मग जेवण. पहिल्या तिघांना प्रांताची हिरवी टोपी आणि केपटाउनला राष्ट्रीय स्पर्धेचं तिकीट. हा तिसरा दिवस होता. हेनो पहिला होता, देश्नी चौथी. पुढच्या वर्षी ती सोळा पूर्ण करणार, म्हणजे ज्युनिअरमधून बाद. एक बरा मासा लागला असता तर काम झालं असतं.

आता कुंचीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. वेळ संपायच्या आत जो होडी परत वळवायला लावेल, त्याला जेवणाच्या रात्री गुलाबी कुंची घालून बसावं लागतं. बाळाची असते तशी, झालर लावलेली, हनुवटीखाली नाडी बांधायची. लोक टेबलं बडवतात, फोटो काढतात, सगळी गंमत. कुणी वाईट मनाने करत नाही, हेच तर वाईट. देश्नीने ती बाराव्या वर्षी घातली होती, पोटात दुखतं म्हणून होडी वळवायला लावली होती तेव्हा. तिच्या वडिलांनी, सागरनने, स्वतः नाडी बांधली होती आणि हसता हसता त्याचे डोळे पाणावले होते. तो फोटो अजून घरच्या फ्रिजवर आहे. दूध काढायला गेलं की दिसतो.

हवा पहाटेच बिघडायला लागली होती. जुलै म्हणजे इकडे ऐन हिवाळा, नैऋत्येचा वारा, आणि ट्रॅक्टरने होडी वाळूवरून पाण्यात ढकलली तेव्हाच पहिल्या लाटेने सगळ्यांना गळ्यापर्यंत भिजवलं. फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे आल्यावर हाटिंगने इंजिनं मंद केली आणि तिघांकडे वळून सांगितलं.

"हे बघा पोरांनो. गेल्या साली मी दहा वाजता होडी वळवली. वारा होता. अकराला वारा पडला. मग तुमच्या आयाबापांनी क्लबात मला उभा करून धुतला. म्हातारा घाबरला म्हणाले. तेव्हा या साली मी काही म्हणणार नाही. तुमच्यापैकी कुणी म्हणेल तेव्हा वळवीन. प्रश्न विचारणार नाही."

"आम्ही कशाला म्हणू, काका?" हेनो म्हणाला. "दोन वाजेपर्यंत इथेच."

"दोनपर्यंत," देश्नी म्हणाली.

लुंगेलोने मान हलवली. त्याचं क्लबातलं हे पहिलंच वर्ष होतं.

झालं. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायचं काम त्रेसष्ट वर्षांच्या माणसाने पोरांवर टाकलं, आणि पोरांनी ते एकमेकांवर.

आठपर्यंत समुद्र उभा राहिला होता. लाट आली की होडी वर जायची, वर गेल्यावर किनारा दिसायचा, मोटारींची पांढरी रांग, क्लबाचं पत्र्याचं छप्पर. मग खाली. खाली गेल्यावर चारी बाजूंना नुसतं राखाडी पाणी, आणि पेट्रोलचा आणि शिळ्या तारलीचा वास. सात मीटरच्या होडीत चालून चालून किती चालणार. एका हाताने कठडा धरायचा, दुसऱ्याने रॉड. लुंगेलोची चौथी उलटी झाली तेव्हा त्याने लपवायचं सोडून दिलं.

"बिस्कीट खा," हाटिंगने आल्याच्या बिस्किटांचा पुडा पुढे केला. "पोट रिकामं ठेवू नये."

"खातो, अंकल. मी बरा आहे."

"बरा आहेस ना?" हेनोने विचारलं.

"एकदम."

"नाही, म्हणजे तुला जायचं असेल तर…"

"मला नाही जायचं. तुला जायचंय?"

"मला कशाला जायचंय?" हेनो म्हणाला आणि त्याने उगाचच आपला गळ वर ओढून आमिष तपासलं.

देश्नीच्या जिभेवर शब्द आले होते. पण हेनो पहिला होता, त्याची टोपी आपण कशी घालवायची? आणि खरं सांगायचं तर तिला आपली चौथीची तिसरी करायची होती. पोरगा मरत थोडाच होता. उलटी सगळ्यांनाच होते. मोठे मासेमार पण उलट्या करकरून मोठे झाले, असं तिचा बाप दुकानात गिऱ्हाइकांना सांगायचा.

साडेआठला रेडिओ खरखरला. एक होडी परत निघाली होती. तिच्या चालकाने सरळ सांगितलं, मला हवा पसंत नाही. सव्वानवाला आणखी दोन गेल्या. दरवेळी आवाज आला की चौघंही रेडिओकडे बघायचे आणि मग चौघंही दुसरीकडे. हाटिंग सुकाणू आवळून बसला होता. त्याने तोंड म्हणून उघडलं नाही. शब्द दिला होता ना.

"भित्रे," हेनो म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"त्यांच्या पोरांना कुंची मिळत नसेल," देश्नी म्हणाली. "चालकाने वळवली की कुणालाच मिळत नाही."

"तुला माहिती असणारच. तू अनुभवी."

ती हसली. असल्या बोलण्यावर हसायचं असतं, हे तिला तीन वर्षांत चांगलं कळलं होतं. मनातून मात्र ती म्हणत होती, अंकल, वळवा. एकदा वळवा. मी हात जोडते. ज्याच्या हातात सुकाणू तो का बोलत नाही? पण तो सुकाणूवाला समोरच्या लाटेकडे बघत होता आणि बहुतेक तोही तेच म्हणत होता.

दहा वाजून वीस मिनिटांनी तिच्या रॉडचं टोक एकदम पाण्यात गेलं.

रीळ किंचाळत सुटलं. देश्नीने रॉडचा बुंधा पोटावर बांधलेल्या कपात बसवला, हेनोने पाठीमागून पट्टा तिच्या कमरेला आवळला आणि त्याचे हूक तिने स्वतः रिळाला अडकवले, कारण रॉडला दुसऱ्याचं बोट जरी लागलं तरी मासा बाद. आता ती आणि मासा एका दोरीच्या दोन टोकांना होते. मासा वर आला नाही, उडी मारली नाही. खोल गेला आणि तिथे बसला, एखादा दगड अडकावा तसा. मध्येच चालायला लागायचा आणि तिने अर्ध्या तासात मिळवलेली दोरी अर्ध्या मिनिटात घेऊन जायचा.

"कुपा असेल," हेनो म्हणाला. "मोठा. तीस किलोच्या वर."

"पाय रोव," हाटिंग म्हणाला. "मी तोंड लाटेला ठेवतो. तू घाई करू नकोस."

ती रोवणार कुठे? खालची फळी ओली, होडी एकदा या कुशीवर एकदा त्या. पट्टा बरगड्यांत रुतत होता. दंड थरथरायला लागले. तरी पहिली दहा मिनिटं ती सकाळपासून पहिल्यांदा खूश होती. आता इथे थांबायला कारण होतं. सगळ्यांनाच होतं. मासा लागलेला असताना कोण होडी वळवतो?

तिच्या डाव्या हाताला, इंजिनाच्या पेटीशी, लुंगेलो बसला होता. बसला म्हणजे ठेवल्यासारखा. हेनोने त्याला पाणी पाजलं, ते तसंच बाहेर आलं. पुन्हा पाजलं, पुन्हा आलं. मग काहीच येईना. पोरगा नुसता आचके देत होता. देश्नीला मान पूर्ण वळवता येत नव्हती, वळवली की दोरी ढिली पडायची. डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याचा एक बूट आणि एक हात दिसत होता.

"कसा आहे तो?" तिने विचारलं.

"ठीक आहे," हेनो म्हणाला.

"बोलतोय का?"

"झोप आलीय त्याला."

मासा पुन्हा निघाला. तिने रीळ दाबलं, गुडघे वाकवले, ढुंगण मागे टाकून सगळं वजन दिलं. हिरवी टोपी तिला दिसत होती, अगदी शिवण दिसावी इतकी स्पष्ट. बाप दुकानात काऊंटरमागे लावेल. फ्रिजवरचा फोटो निघेल. अजून वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. एवढा वेळ काढलाय पोराने, अर्धा तास काढेल.

आणि तेव्हा तिने मान वळवली. दोरी ढिली पडू दिली आणि पूर्ण वळवली. लुंगेलोचे ओठ चुन्यासारखे झाले होते आणि हाताची बोटं आत वळून कोंबडीच्या पायासारखी घट्ट झाली होती. तो तिच्याकडे बघत होता, पण बघत नव्हता.

"हेनो, त्याची बोटं सरळ कर."

हेनोने धरून पाहिली. "होत नाहीयेत."

"कधीपासून असं आहे?"

हेनो पुन्हा ती बोटं उलगडायला लागला.

"कधीपासून, हेनो?"

"तुला मासा लागल्यापासून," हेनो म्हणाला. "मला वाटलं, तू… तुझा मासा होता."

धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, असं म्हणतात. इथे धरलं तर दुसऱ्यालाच चावत होतं. देश्नीने कठड्याच्या खाचेतून आमिष कापायची सुरी ओढली आणि पुन्हा ताणलेल्या दोरीला टेकवली. टेकवल्याबरोबर दोरी तुटली. एक तास ती ज्याच्याशी झुंजली ते काय होतं, हे कुणालाच कधी कळलं नाही. ती मागच्या मागे बसली.

"अंकल, वळवा. मी म्हणतेय. होडी वळवा."

हाटिंगने तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत सुकाणू फिरवलं होतं. हेनो तिच्या शेजारी गुडघ्यांवर बसला आणि त्याला रडू फुटलं. पहिल्या नंबरच्या पोराला.

"मला साडेसातपासून जायचं होतं," तो म्हणाला. "वाटलं, तू थांबली आहेस तर मी कसं म्हणू."

"मी तू थांबलास म्हणून थांबले."

"मीही," हाटिंग पुढे बघत म्हणाला. "तुम्ही म्हणाल म्हणून वाट बघत होतो. देवा, मी त्रेसष्ट वर्षांचा आहे."

सव्वाअकरा झाले होते. हाटिंगने रेडिओ उचलून परत येतोय म्हणून सांगितलं, पोरगा आजारी आहे, डॉक्टर ठेवा. किनाऱ्यावरून उत्तर आलं की दहा मिनिटांपूर्वी होड्यांना किनारा बंद केला. ओहोटी लागली आहे, पाण्याखालच्या वाळूच्या बांधावर लाट उभी फुटते आहे, मघाशी आलेली शेवटची होडी आडवी होता होता वाचली. आत येऊ नका. भरतीचं पाणी बांधावर चढेपर्यंत, म्हणजे तीन वाजेपर्यंत, बाहेरच थांबा.

"डर्बनचं बंदर?" हाटिंगने विचारलं.

"या वाऱ्यात सहा तास. डिर्की, तुला माहीत आहे. बचाव होडीसुद्धा याच किनाऱ्यावरून निघते."

दहा मिनिटं. देश्नीच्या मनात आलं, दहा मिनिटांपूर्वी मी टोपीची शिवण बघत होते.

पावणेचार तास ते तिथे होते. किनारा एवढा जवळ की माणसं ओळखू यावीत. हेनोने आपल्या बापाचं लाल जॅकेट ओळखलं. क्लबाच्या मागे कुणीतरी मांस भाजत होतं, धूर सरळ समुद्रावर येत होता. आणि मध्ये ती पांढरी भिंत, उठायची, पडायची, उठायची. रेडिओवर डॉक्टर आले. हाटिंगच्या चहासाठी आणलेली साखर आणि चिमूटभर मीठ पाण्यात घालून दर मिनिटाला एक चमचा द्यायला सांगितलं. ओकला तरी द्या. देश्नीने त्याचं डोकं मांडीवर घेतलं, पिशवीतला आपला कोरडा स्वेटर त्याच्याभोवती गुंडाळला आणि थर्मासच्या झाकणातून एकेक चमचा घालत बसली. हेनो घड्याळ बघून मिनिट सांगायचा. तेवढं एकच काम त्याला होतं आणि ते तो फार मन लावून करत होता.

"कुंची माझी," तो मध्येच म्हणाला. "मी सांगेन मी वळवली म्हणून."

"गप बस," हाटिंग म्हणाला. "मिनिट सांग."

दीड वाजता लुंगेलोची बोटं थोडी सैल झाली. दोनला त्याने डोळे नीट उघडले.

"ताई, तुझा मासा?"

"गेला. तू चमचा घे."

त्याने घेतला. गिळायला त्याला वेळ लागत होता. मग आभाळाकडे बघत म्हणाला,

"मी सकाळीच म्हटलं असतं, तर तू चिडली असतीस ना?"

नाही म्हणणं सोपं होतं. आजारी पोराला नाहीच म्हणतात.

"हो," देश्नी म्हणाली. "चिडले असते."

"मग बरं झालं, बोललो नाही ते," लुंगेलो म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

देश्नीच्या हातातला चमचा पडला. हेनोने तो उचलून पुन्हा भरला. तिला ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडून सांगायचं कुणाला? ती होडी सोडून कुठे जाता येत नव्हतं आणि त्या पोराचं डोकं मांडीवरून खाली ठेवता येत नव्हतं. असं वाटलं, आपण सकाळपासून इथेच आहोत आणि उद्याही इथेच असू.

तीनला पाणी चढलं. हाटिंगने होडीचं तोंड किनाऱ्याकडे केलं, मागच्या लाटा मोजल्या, एक मोठी पुढे जाऊ दिली आणि तिच्या पाठीवर दोन्ही इंजिनं पूर्ण सोडली. बांध खालून गेला. मागची लाट फुटली तिचा फेस पाठीवर आला, आणि मग होडीचं पोट वाळूवर घासत, उडत, थेट माणसांच्या पायांपाशी जाऊन थांबलं. कुणी टाळ्या वाजवल्या. हात पुढे आले आणि लुंगेलोला उचलून घेऊन गेले.

सागरनने देश्नीला काखेत धरून खाली उतरवलं, आपलं जॅकेट तिच्या खांद्यावर टाकलं, तिचं डोकं छातीशी दाबलं.

"बाळा, बाळा," तो म्हणत राहिला. मग थोड्या वेळाने, राहवेना म्हणून म्हणाला, "केवढा असेल गं? हेनो म्हणतो तीसच्या वर."

"माहीत नाही, पप्पा."

ती त्याच्या हातातून सुटली आणि रुग्णवाहिकेकडे गेली. लुंगेलोला सलाइन लावलं होतं. डॉक्टर म्हणत होते, वाचला, आता बरा होईल, रात्रभर ठेवू. दाराशी त्याची आई उभी होती, मा गुमेडे, शाळेत गणित शिकवायच्या. त्यांचा घागरा मांड्यांपर्यंत भिजला होता, म्हणजे होडी यायच्या आधीच त्या पाण्यात शिरल्या असणार. त्यांनी देश्नीला बघितलं आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"तू वळवलीस होडी. मला सांगितलं त्यांनी. एवढा मोठा मासा सोडलास माझ्या मुलासाठी." "तुझ्या आईला मी भेटेन. असं लेकरू…"

त्यांचे हात गरम होते. देश्नीला ते तसेच राहू द्यावेसे वाटले. आजचा दिवस असाच संपला असता तर कुणाचं काय गेलं असतं? सगळ्यांनी तिलाच चांगलं म्हटलं असतं. आणि ती पुन्हा गप्प बसली असती, सकाळपासून बसली तशीच.

"मला सात वाजताच दिसलं होतं," ती म्हणाली. "पहिल्यांदा उलटी झाली तेव्हा. फक्त मीच बघितलं. माझ्याकडे बघून हसला तो. मी काही बोलले नाही."

मा गुमेडेंनी हात लगेच काढले नाहीत.

"सात वाजता," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि बोललीस कधी?"

"सव्वाअकराला."

त्यांनी मान हलवली, फळ्यावरचं उत्तर तपासल्यासारखी. मग तिचे हात सोडले, ओला घागरा गोळा केला आणि मुलाजवळ गाडीत चढल्या.